येऊ दे... बिनधास्त

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना बनवाबनवी वाटेल त्यांनी इथेच थांबावं. वाद घालायला मला वेळ नाही, आणि आता तेवढं त्राणही नाही.

माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलेलं आहे. गेल्या हिवाळ्यात, एका शनिवारी, ऐन दिवेलागणीला. स्मशान नाही, जंगल नाही, ओसाड बंगला नाही. तिच्या घराखालचं गॅरेज. वर स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं आणि खाली हे चाललं होतं.

ताईने मला हे तोंडाने सांगितलेलं नाही. मोबाईलवर टाइप करून, एकेक वाक्य करत सांगितलंय. का, ते कळेलच.

आधी तिच्या आवाजाबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आलं.

ताई बसस्थानकावर घोषणा द्यायची. कुठली बस कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कोणाचं मूल हरवलंय, सगळं तिच्या तोंडून. खणखणीत आवाज. घरीही तीच पट्टी. तिने घरात हाक मारली की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओ द्यायचं. आणि नकला तर अशा करायची की समोरच्याला घाम फुटावा. आमच्या घरात तिच्या तावडीतून कोणी सुटलं नाही.

तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, हा आवाज डोक्यात जायचा.

अण्णा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. तोंडाने फटकळ, मनाने त्याहून कडू. म्हणायचे, "आयुष्यभर माइकवरच्या बायकांनी हुकूम सोडले आणि आम्ही गाड्या हलवल्या. आता घरातही तेच ऐकायचं?" ताई हसण्यावारी न्यायची. मी असते तर दोन शब्द सुनावले असते, पण ते जाऊ दे.

अण्णांची एक जुनी गाडी होती. जीव होता त्यांचा तिच्यावर. सुनेने तिच्या काचेवरून फडका फिरवला तरी खपायचं नाही. "माझ्या गाडीला हात लावायचा नाही," एवढंच म्हणायचे, पण असं म्हणायचे की ताई हात मागे घ्यायची.

ते गॅरेज अरुंद. गाडी उलटीच आत घ्यावी लागते. भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, गाडी मागे घ्यायचे आणि अण्णा मागच्या भिंतीशी उभे राहून ओरडायचे.

"येऊ दे... येऊ दे... बिनधास्त."

डिकीवर एक थाप म्हणजे अजून ये. दोन थापा म्हणजे बस. भाऊजींना आरशात बघायची सवयच लागली नाही. अण्णा आहेत ना मागे.

मग अण्णांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. हातपाय चालत होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. तरी रोज भिंतीशी जाऊन उभे राहायचे. थापा त्यांच्या, आणि शब्द ताईचे. ते थाप मारणार, ही त्यांच्या बाजूला उभी राहून म्हणणार, "येऊ द्या, येऊ द्या."

एकदा घरी पाहुणे आले होते. कोणीतरी म्हणालं, आता अण्णांचा आवाज ऐकायला मिळत नाही हो. ताई पटकन उठली, कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब अण्णांच्या आवाजात म्हणाली, "येऊ दे... येऊ दे... बिनधास्त."

पाहुणे हसून हसून लोळले. भाऊजीसुद्धा हसले.

अण्णा हसले नाहीत. ते ताईच्या गळ्याकडे बघत राहिले. तोंडाकडे नाही, गळ्याकडे. ताई सांगते, पाहुणे उठून जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले.

गाडी ताईकडे आली. तिची पहाटेची ड्यूटी असायची आणि रस्ता हायवेचा, त्यात हिवाळ्यातलं धुकं. एके दिवशी मागून आलेल्या ट्रकने अगदी जवळ येऊन ब्रेक मारला. ड्रायव्हर खाली उतरून हिच्यावरच खेकसला, "बाई, मागे दिवे लावलेत का काडेपेटीच्या काड्या? जीव नकोसा झालाय का?"

ताईने घरी येऊन आधी मागचे दिवे बघितले. जुने बल्ब काळवंडले होते, त्यांचा उजेड जवळ आल्याशिवाय दिसायचाच नाही.

भाऊजी म्हणाले, "एलईडी टाकू. मीच टाकतो. त्यात काय आहे."

भाऊजी झेरॉक्स मशीन दुरुस्त करतात, आणि त्यांचं प्रत्येक गोष्टीला 'त्यात काय आहे' हे ठरलेलं. तेव्हा त्यांची मान आखडली होती, गळ्यात पट्टा होता, मागे वळून बघता येत नव्हतं. तरी मेकॅनिककडे गाडी द्यायची नाही. स्वाभिमान.

तर तो शनिवार.

काम करायला जागा हवी म्हणून भाऊजींनी गाडी पुढे घेतली, शटरपाशी जेमतेम एक माणूस उभं राहील एवढीच जागा ठेवून. शटर खाली ओढलं, म्हणजे अंधारात दिव्याचा उजेड नीट कळेल. डिकी उघडली, आतलं अस्तर काढलं, दिव्यांचे नट सोडवून लाल काचेचे दोन्ही डबे बाहेर काढले. जुने बल्ब फिरवून काढले आणि भिंतीच्या कडेला जमिनीवर ठेवले. त्यांच्या जागी नवे एलईडी बसवले.

मग तपासणी. भाऊजी सीटवर बसून ब्रेक दाबणार. ताई मागे उभी राहून सांगणार. दोघांची ही पद्धत जुनीच होती.

"दाबला. लागला का?"

"लागला."

ताई सांगते, पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा सगळी मागची भिंत लालभडक झाली. भिंतीवरची कोळिष्टकं, ओल आलेली जागा, सगळं दिसलं. तिला बरं वाटलं. आता ट्रकवाल्याला लांबून दिसेन, असं तिच्या मनात आलं.

"आता इंडिकेटर."

तो भलत्याच वेगाने टिकटिकायला लागला. भाऊजींचं भाषण सुरू झालं. एलईडीला करंट कमी लागतो, म्हणून गाडीला वाटतं बल्ब उडालाय, म्हणून ही घाई. त्यावर रेझिस्टर जोडायचा. तो तापतो, म्हणून प्लास्टिकवर नाही, पत्र्यावरच बसवायचा. ताईने सगळं ऐकून घेतलं. रेझिस्टर बसला. टिकटिक ठरल्या वेगात आली. भाऊजींनी किल्ली बंद करून बाहेर काढली.

टिक... टिक... टिक...

"अहो, किल्ली काढलीत ना?"

"हातात आहे माझ्या."

टिक... टिक...

"लीकेज करंट असतो एलईडीत. थांबेल," भाऊजी म्हणाले.

थांबली. पण एकदम नाही. हळू होत होत थांबली. ताई म्हणते, शेवटचे ठोके ऐकताना तिला उगाचच हॉस्पिटल आठवलं.

मग तिला वरचं दूध आठवलं. भाऊजी सीटवर बसून स्टिअरिंगखालच्या वायरींना टेप गुंडाळत होते. ती गॅरेजच्या कोपऱ्यातल्या दाराने जिना चढून वर गेली. "आलेच" म्हणाली होती, पण त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. डिकीचं झाकण वर होतं, मान वळत नव्हती, आरशात झाकणाशिवाय काही दिसत नव्हतं. ती गेल्याचं त्यांना कळलंच नाही.

गॅस बंद करून ती जिन्यावर परत आली. खालून भाऊजींचा आवाज येत होता.

"दाबला. लागला का?"

आणि...

"लागला."

ताई जिन्यावरच थांबली.

"उजवा?"

"उजवा लागला."

"डावा?"

"डावाही लागला."

तो आवाज तिचा होता. तिचाच. शब्द तोडायची पद्धतसुद्धा तिचीच, फलाटावर तोडायची तशी. फक्त थोडा जड होता, बऱ्याच दिवसांनी बोलायला लागल्यासारखा.

ती उरलेल्या पायऱ्या कशी उतरली तिला आठवत नाही. दारातून आत आली आणि थेट गाडीच्या पुढे, भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी वर होते," ती म्हणाली.

बोलताना घसा खरखरला. तिला वाटलं, भीतीने.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं आणि वैतागले. "झाली का नक्कल करून? पुढे पळत येऊन दचकवायचं वय आहे का आपलं?"

"अहो, शपथ घेऊन सांगते. मी दूध बघायला गेले होते."

"आत्ता मागून बोलली ती कोण, तुझी बहीण?"

बघा. नकला करणाऱ्या माणसाचं हे असं होतं. खरं सांगायची वेळ येते तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

ताईला तेव्हाच वर निघून जायचं होतं. पण दिव्यांचे डबे अजून सुटेच लोंबत होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्यूटी तिचीच होती. मागचे दिवे नसलेली गाडी घेऊन धुक्यात, त्या ट्रकांच्या पुढे कसं जायचं. ती परत गाडीच्या मागे गेली. मागे कोणी नव्हतं. भिंत होती, जुने बल्ब होते.

तिने डबे जागेवर बसवले, नट आवळले. भाऊजींनी पुन्हा ब्रेक दाबला.

"लागला का?"

"लागला."

"मोठ्याने बोल ना. काय पुटपुटतेस?"

"लागला," ती ओरडली. पण ओरडल्यासारखा आवाज निघाला नाही.

भिंत लाल झाली होती. भिंतीवर तिच्या दोन सावल्या होत्या. दिवे दोन, म्हणून सावल्या दोन. एवढं तिलाही कळतं. पण तिला तिथे उभं राहावेना, म्हणून ती बाजूला सरकली. पार कोपऱ्यात, जिथे दिव्याचा उजेड पडत नाही तिथे.

सावल्या गेल्या नाहीत.

भिंतीच्या मधोमध दोन जागा काळ्याच राहिल्या. डोकं, खांदे, कमरेवर ठेवलेला हात. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये काहीही नव्हतं, आणि तरी लाल उजेड तिथून पुढे जात नव्हता.

"सोडला," भाऊजी म्हणाले. अंधार.

"दाबला."

सावल्या मोठ्या झाल्या होत्या.

सावली मोठी कधी होते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. दिव्याच्या जवळ गेलं की. ते जे काही होतं, ते भिंत सोडून गाडीकडे निघालं होतं.

"अहो, बाहेर या," ताई म्हणाली. "आत्ता बाहेर या. इथे कोणीतरी आहे."

भाऊजींना काही ऐकू गेलं नाही. कारण ताईच्या तोंडातून कुजबुजीच्या वर काही निघालंच नव्हतं. त्यांनी ब्रेक सोडला आणि आतूनच म्हणाले, "झालं एकदाचं. रिव्हर्सचा दिवा बघू आणि गाडी मागे घेऊ. शटर थोडं वर कर, इंजिन चालू करतो."

तिने शटर गुडघ्याएवढं वर केलं. बाहेर अजून संधिप्रकाश होता. समोर कोणीतरी सायकल लावत होतं. ताई म्हणते, तेव्हाच तिथून वाकून बाहेर पडले असते तर... पण भाऊजी आत होते. ती गाडीच्या पुढे येऊन काचेवर हात मारायला लागली. भाऊजी खाली वाकून किल्ली लावत होते. इंजिन सुरू झालं, त्यांनी नजर खालीच ठेवून हाताने खूण केली, मागे जा, मागे जा.

आणि मागून डिकीच्या आत काहीतरी खणकन पडलं.

तिला वाटलं, पाना पडला. गाडी हलायच्या आत डिकी तरी बंद करावी, झाकण खाली आलं की यांना आरशात दिसेल, मग हातवारे करून सांगता येईल. असा सरळ विचार करून ती मागे गेली.

जमिनीवर भिंतीच्या कडेला जुने बल्ब होते. काढून किती वेळ झालेला. कशालाही न जोडलेले.

त्यातला एक पेटला होता.

मंद. काळवंडलेल्या काचेतून दिसेल न दिसेल असा, अण्णांच्या वेळी असायचा तसा. ताई वाकली. तिचा विश्वासच बसत नव्हता. बोट लावलं तर चटका बसला.

आणि तिच्या डोक्याच्या अगदी वर, तिच्याच आवाजात, खणखणीत...

"येऊ दे."

रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला.

"येऊ दे... येऊ दे..."

गाडी हलली. ताई उठून ओरडली, थांबा. तोंड उघडलं, छातीतून हवा आली, आवाज आला नाही. खरखरसुद्धा नाही. पुन्हा ओरडली. काहीच नाही. तिचा आवाज तिच्या जवळ नव्हताच. तो शेजारी उभा राहून बोलत होता.

डिकीच्या झाकणावर थाप पडली.

एक.

"अजून येऊ दे."

बंपर तिच्या गुडघ्यांना लागला. पाठ भिंतीला टेकली. बाजूला सरकायला जावं तर पाय अडकले. आत भाऊजी निवांत होते. मागे बायको आहे, तिचा आवाज स्पष्ट येतोय, काळजी कसली.

"बिनधास्त."

हा शब्द ताई कधीच वापरत नाही. भाऊजी आता सांगतात की त्यांना तिथेच खटकलं. त्यांना ती 'येऊ द्या' म्हणते, हेही तेव्हाच डोक्यात आलं. पण पाय क्लचवरून सुटत आला होता.

गुडघ्यात कट्‌ झालं. त्याच क्षणी ताईने दोन्ही हातांनी डिकीचं झाकण धरलं आणि सगळं अंग टाकून खाली आपटलं. मग त्या झाकणावर दोन थापा मारल्या. दोन. बस.

भाऊजींनी ब्रेक दाबला. भिंत लाल झाली. झाकण खाली आलं होतं, आरसा मोकळा झाला होता, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी मागे घेताना आरशात बघितलं.

काय बघितलं ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्यांनी गाडी एवढ्या जोरात पुढे घेतली की शटर फाटून नाक बाहेर गेलं. समोरचा सायकलवाला धावत आला. त्याने आणि भाऊजींनी ताईला बाहेर काढलं. गुडघ्याची वाटी फुटली होती. ताई तोंड उघडून सारखी ओरडत होती. गल्लीत कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

गुडघा बरा झाला. जरा लंगडते, पण चालते.

आवाज आलेला नाही.

डॉक्टर झाले, तज्ज्ञ झाले. नळी घालून घसा तपासला. सगळे एकच सांगतात, घशाला काहीही झालेलं नाही, धक्का बसलाय, येईल. बसस्थानकावर तिच्या जागी दुसरी मुलगी आली. मी एकदा तिथून जात होते, घोषणा ऐकली आणि मला रडू कोसळलं. लोक बघत होते, बघू देत.

गाडी भंगारात गेली. गॅरेजला नवं शटर लावून, आतल्या जिन्याच्या दारासकट कुलूप घातलं. भाऊजी आता कशालाच 'त्यात काय आहे' म्हणत नाहीत. फक्त एक खूळ त्यांच्या डोक्यात बसलंय. ताईने गळा उघडा ठेवायचा नाही. घरातल्या घरात, उकाड्यातसुद्धा, स्कार्फ गुंडाळायचा. स्कार्फ सुटला की ते खोलीतून उठून जातात.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते.

गेल्या महिन्यात, संध्याकाळी, मला ताईच्या नंबरवरून फोन आला. ती फोन करत नाही, मेसेज करते. मी घाबरून उचलला.

"अगं, मी बोलतेय."

ताई. माझी ताई. मी हमसून हमसून रडले. कधी आला आवाज, भाऊजींना सांगितलंस का, काय काय विचारत होते. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "तू ये ना घरी. गाडी घेऊन ये. खालीच लाव, गॅरेज रिकामं आहे. मी मागे उभी राहते."

तेवढ्यात कानाशी फोन थरथरला. मेसेज होता. ताईचाच.

'तू कुणाशी बोलतेयस? मी वर स्वयंपाकघरात आहे. खालून माझा आवाज येतोय, तुला बोलावतोय.'

मी फोन परत कानाला लावला.

"येऊ दे," तिकडून म्हणाली. "बिनधास्त."

माझ्या मोबाईलवर सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होतात. भाऊजी म्हणाले, पुसून टाक. मला पुसवेना. मी ते रेकॉर्डिंग घेऊन ताईकडे गेले आणि तिला ऐकवलं. मला वाटलं, घाबरेल. ती डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर तिने टाइप केलं, 'परत लाव.'

किती वेळा लावलं ते विचारू नका.

मग तिने लिहिलं, 'म्हणजे तो खालीच आहे. इतके दिवस खालीच होता. मी जाऊन घेऊन येते.'

तेव्हापासून गॅरेजची किल्ली माझ्याकडे आहे. भाऊजींनीच दिली. ताईला हे माहीत नाही. रोज दिवेलागणीला तिचा मेसेज येतो, 'किल्ली कुठे आहे माहीत आहे का?' रोज मी खोटं लिहिते, 'नाही गं.' तिच्याशी मी लहानपणीसुद्धा एवढं खोटं बोलले नव्हते.

आज मेसेज आला नाही.

मी दोनदा ड्रॉवर उघडून बघितला. किल्ली आहे तिथेच आहे. भाऊजींना फोन लावला, ते कामावर आहेत, म्हणाले आत्ता निघतो.

हे लिहितेय आणि शेजारी मोबाईल वाजतोय. नंबर ताईचा आहे.

मी अजून उचललेला नाही.